काचेआडचं उणे

शाळेत त्यांना तोंडावर सगळे "बाई" म्हणत आणि पाठ वळली की "उणेबाई". नाव कुणी पाडलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण ते असं चिकटलं होतं की एकदा शिक्षकांच्या खोलीत चहाचे कप वाटताना खुद्द हेडसर "उणेबाईंचा आला का?" असं विचारून बसले, आणि मग त्यांना बराच वेळ खोकला आला. बाईंना नावाचा राग नव्हता. नाव खरंच होतं. त्यांचा राग होता एका आडव्या रेघेवर, म्हणजे ती जिथे असायला हवी तिथे नसण्यावर. राग अकरा वर्षं जुना होता, आणि रोज तिसऱ्या तासाला वरच्या वर्गाच्या खोलीत पाऊल टाकलं की ताजा होत होता.

त्या खोलीतला फळा भिंतभर लांब होता. पण मधला मोठा तुकडा बाईंचा नव्हता. त्याच्यावर पितळी चौकट, चौकटीत जाड काच, चौकटीला सहा स्क्रू आणि स्क्रूंवर शिशाचं सील. बाईंच्या वाट्याला आल्या होत्या दोन पट्ट्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मोठं गणित असलं की ते डावीकडे सुरू व्हायचं, मध्ये काच यायची, आणि बाई खडू हातात धरून पलीकडे पळायच्या. तोवर मागच्या बाकावरचा एखादा म्हणायचा, "बाई, आधीची ओळ काय होती?" मग बाई परत. शाळेच्या खेळाच्या मास्तरांचं म्हणणं होतं की साऱ्या शिक्षकांत धावायचा सराव फक्त उणेबाईंना आहे.

काचेच्या आत देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचं अक्षर होतं.

देश तेव्हा अजून देश झाला नव्हता आणि राष्ट्राध्यक्ष तेव्हा याच शाळेत गणिताचे मास्तर होते. किडकिडीत माणूस, कोटाचा उजवा खिसा कायम खडूने पांढरा. काही समजावलं की विचारायचे, "पटलं?" पोरांनी माना डोलावल्या की लगेच पुढचं, "का पटलं?" आणि सगळ्या माना खाली. बाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, दुसऱ्या बाकावर. त्या मंगळवारी मास्तर एका बाजूने येणारी लिमिट शिकवत होते. शिकवायची त्यांची रीत अशी: "दोन हा आकडा म्हणजे एक घर समजा. आत जायचं नाही, कडी वाजवायची नाही. फक्त जवळ जायचं, अजून जवळ, अगदी उंबऱ्याशी. डाव्या गल्लीतून गेलात तर काय दिसतं, उजव्या गल्लीतून गेलात तर काय दिसतं, तेवढं मला सांगा. दोघांना एकच दिसलं तर ठीक. नाही तर त्या घराबद्दल मी काही बोलणार नाही."

मग त्यांनी फळ्यावर उदाहरण घातलं. वर, क्ष वजा दोन, दोन उभ्या रेघांत कोंडलेलं, म्हणजे काही झालं तरी अधिकच राहणारं. खाली नुसतं क्ष वजा दोन, मोकाट. डाव्या गल्लीतून आलात तर क्ष दोनपेक्षा केसभर कमी, खालचं उणे झालं, वरचं अधिकच राहिलं, उत्तर उणे एक. उजव्या गल्लीतून आलात तर दोन्ही अधिक, उत्तर एक. शेवटची ओळ त्यांनी घाईत लिहिली, कारण दारात धुळीने माखलेल्या बुटांची दोन माणसं येऊन उभी होती: "दोन्ही समान नाहीत. म्हणून लिमिट अस्तित्वात नाही." मास्तरांनी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला, "आलोच" म्हणाले, आणि गेले ते वाटाघाटीच्या टेबलाला जाऊन बसले. आठ महिन्यांनी देश झाला आणि मास्तर टपालाच्या तिकिटावर आले.

फळा कुणी पुसला नव्हता. आधी भीतीने, मग अभिमानाने. पण खडू तो खडू, रोज थोडा गळत होता. तेव्हा शाळेच्या समितीने गावातला पाट्या रंगवणारा बोलावला, की बाबा, अक्षरावर अक्षर ठेवून पांढऱ्या ऑइलपेंटने गिरव. त्याने सुंदर काम केलं. प्रत्येक वळण, प्रत्येक वेलांटी, मास्तरांची घाईसुद्धा. फक्त डाव्या उत्तरापाशी, एकच्या आधी, त्याला एक बारीक आडवी रेघ दिसली. त्याची चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली होती आणि कुठल्याही दुकानाच्या पाटीवर आकड्याच्या आधी अशी रेघ त्याने पाहिली नव्हती. त्याला वाटलं, डाग पडलाय. त्याने अंगठा ओला केला आणि राष्ट्राचं उणे पुसून टाकलं. वर काच बसली.

आता फळ्यावर असं होतं: डावीकडून एक. उजवीकडून एक. दोन्ही समान नाहीत.

बाई शिकून, परगावी नोकरी करून, अकरा वर्षांपूर्वी याच शाळेत गणित शिकवायला आल्या तेव्हा पहिल्या दिवशी ते पाहून त्यांना हसूच आलं. घरी जाऊन ट्रंकेतली जुनी वही काढली, त्यात उणे स्पष्ट होतं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्या हेडसरांकडे गेल्या. त्यांचा अंदाज होता की मधल्या सुट्टीपर्यंत काम होईल.

हेडसरांची प्रत्येक गोष्ट "काय आहे ना" ने सुरू व्हायची आणि मध्येच पुन्हा "काय आहे ना" वर येऊन टेकायची. ते म्हणाले, "काय आहे ना बाई, वही तुमची. तुम्ही तेव्हा विद्यार्थिनी. विद्यार्थी चुकतात. राष्ट्राध्यक्ष, काय आहे ना, चुकत नाहीत."

बाईंनी सांगितलं की राष्ट्राध्यक्ष चुकलेच नाहीत, रंगारी चुकला. शिवाय एक आणि एक समान नाहीत असं कुणी शहाणा माणूस लिहील का? यावर हेडसरांचे डोळे ओले झाले. त्यांना त्या वाक्यात फार खोल अर्थ दिसायचा. दरवर्षी शाळेच्या वर्धापनदिनाला ते त्यावरच भाषण करत: वरवर दोन माणसं सारखी दिसतात, पण काय आहे ना, महापुरुषाला त्यांच्यातला फरक दिसतो. टाळ्या पडत. बाई शेवटच्या रांगेत बसून हातातला कागद चुरगळत.

बाई पाटीवाल्याकडेही जाऊन आल्या. म्हातारा रंगाच्या डब्यांत बसला होता. त्याने कबूल केलं, अंगठासुद्धा दाखवला. "हाच," म्हणाला. पण लेखी द्यायला तयार नव्हता, कारण त्या कामाचं त्याला सरकारी प्रशस्तिपत्र मिळालं होतं आणि ते त्याने दुकानात फ्रेम करून लावलं होतं. पुढल्या वर्षी तो वारला. साक्षीदार गेला, प्रशस्तिपत्र राहिलं.

मग अर्ज सुरू झाले. काच ज्यांच्या ताब्यात होती त्या जतन कचेरीला पहिला अर्ज, दुसरा अर्ज, स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र. मिळून छत्तीस. उत्तरं दोन आली. पहिल्यात लिहिलं होतं, आपला अर्ज मिळाला. दुसऱ्यात लिहिलं होतं, आपला अर्ज मिळत नाही, पुन्हा पाठवावा.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढं काय त्यात? दुसऱ्या खोलीत शिकवावं. पण चौकटीखाली नियमांची पाटी होती. वरच्या वर्गाने याच खोलीत बसावं. काचेवर पडदा टाकू नये. काचेकडे पाठ करून कुणी बसू नये. त्यात आणखी एक गोष्ट अशी की देशभरातल्या वार्षिक परीक्षेत दरवर्षी एक सक्तीचा प्रश्न याच धड्यावर असे, राष्ट्राध्यक्षांच्या शेवटच्या तासाची आठवण म्हणून. आकडा तेवढा बदलायचा, दोनच्या जागी तीन, पाच, सात. बाकी सगळं तेच. देशातल्या कुठल्याही आडगावातली पोरं तो प्रश्न बरोबर सोडवत. फक्त या शाळेतली, खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या वर्गात बसणारी पोरं, डावीकडून एक, उजवीकडून एक, दोन्ही समान नाहीत असं ठोकून येत.

बाई जीव तोडून शिकवत. पोरांना समजायचंही. तोंडी विचारलं तर धडाधड सांगत. पण परीक्षेत घाम फुटला की डोक्यातलं गणित पळायचं आणि डोळ्यांसमोर उभं राहायचं ते वर्षभर रोज पाहिलेलं चित्र. एका मुलीला त्यांनी विचारलं, अगं, घरी दहा वेळा बरोबर केलंस, तिथे काय झालं? ती रडत म्हणाली, "बाई, माझं उणे आलं होतं. पण फळा आठवला, म्हणून मी खोडलं."

त्या दिवशी बाई घरी आल्या आणि जेवल्या नाहीत.

त्यांचे यजमान गावातले एकमेव चष्मेवाले. दिवसभर भिंगाच्या कडा घासायच्या आणि लोकांना खालची ओळ वाचायला लावायची, असं त्यांचं आयुष्य. शांत माणूस, पण शांतपणे चिमटे काढणारा. ते म्हणाले, "मी असं करतो. वर्गात पोरं एकतीस, तर एकतीस चष्मे बनवतो, प्रत्येकाच्या भिंगावर एक बारीक रेघ. पोरांनी बरोबर त्या जागी डोळा लावायचा."

"थट्टा करा," बाई म्हणाल्या. "तुमचं काय जातंय."

जात होतं बाईंचं. त्या वर्षी जूनमध्येच शिक्षण कचेरीची नोटीस आली होती. सक्तीच्या प्रश्नात या शाळेचा निकाल सलग दहा वर्षं देशात तळाला आहे, आणि तोही थोर पुरुषाच्या स्वतःच्या खोलीत, ही लाजिरवाणी बाब आहे. येत्या परीक्षेत निम्म्याहून जास्त मुलांनी हा प्रश्न चुकवला तर वरचा वर्ग बाईंकडून काढून घेण्यात येईल आणि त्यांना पहिलीला पाढे शिकवायला दिलं जाईल. बाईंना पाढ्यांचं वावडं नव्हतं. पण ज्या खोलीत, ज्या माणसाकडून त्या गणित शिकल्या, ते गणित त्याच खोलीत शिकवायचं एवढ्यासाठी त्या परगावची बरी नोकरी सोडून आल्या होत्या. ती खोली एका पुसलेल्या रेघेपायी हातची जाणार होती.

आणि अशात बातमी आली की राष्ट्राध्यक्ष येणार. आता ते पदावर नव्हते, दोन मुदती संपवून घरी बसले होते, पण पहिले ते पहिलेच. शाळेला रंग लागला. हेडसरांनी रंगीत तालीम घेतली. बाईंना नेमून दिलेलं काम असं: दाराशी फुलं घेऊन उभं राहणं, फुलं देणं आणि, काय आहे ना, काही न बोलणं.

बाईंनी एकच वाक्य पाठ केलं होतं.

राष्ट्राध्यक्ष आले. किडकिडीतच, फक्त केस खडूसारखे झालेले. बरोबर जतन कचेरीचे साहेब होते, गोल तोंडाचे, प्रत्येक वाक्यावर "तत्त्वतः" चं झाकण ठेवणारे. हेडसर बोलले, साहेब बोलले, सगळे काचेपाशी आले. बाईंनी फुलं दिली आणि म्हणाल्या, "सर, डावीकडचं उत्तर बघा."

हेडसरांना खोकला आला.

राष्ट्राध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, लावला. वरून खाली वाचत गेले. ओठ हलत होते. शेवटच्या ओळीवरून परत वर आले. 

"हे मी लिहिलंय?"

"आपल्याच शुभहस्ते, साहेब," हेडसर म्हणाले.

"मग मला नोकरीवरून काढायला हवं होतं. देश कशाला दिला?"

सगळे हसले, कारण राष्ट्राध्यक्ष बोलले की हसायचं असतं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराआडून वही काढून पुढे केली. बावीस वर्षं जुना कागद, त्यावर सतरा वर्षांच्या मुलीचं अक्षर आणि एक उणे.

राष्ट्राध्यक्षांनी वही पाहिली, मग बाईंकडे पाहिलं. "दुसरा बाक. तू खिडकीबाहेर बघत बसायचीस."

"ती माझी शेजारीण, सर. मी लिहून घेत होते."

"पटलं," ते म्हणाले. मग वळून, "उघडा ही काच."

आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच बाईंना वाटलं की मधल्या सुट्टीपर्यंत काम होईल.

साहेबांनी हात जोडले. तत्त्वतः त्यांची काही हरकत नव्हती. परंतु जतन कायदा, कलम नऊ. राष्ट्रीय ठेव्याचं आवरण अक्षरदुरुस्तीसाठी उघडण्याचा हुकूम कोणतीही पदावरची वा पदावरून उतरलेली व्यक्ती देऊ शकत नाही. आवरणाची डागडुजी असेल तरच ते काढता येतं.

"असला कायदा कुणी केला?"

"तत्त्वतः आपणच, साहेब. सही आपली आहे."

"वाचून केली होती का मी?"

साहेबांनी पुन्हा हात जोडले. राष्ट्राध्यक्ष काचेकडे वळले. कायदा मोडायचा माणूस नव्हता तो. अभिप्राय लिहायच्या वहीजवळ जाड पेन पडलं होतं, पांढऱ्या शाईचं, फुग्यांवर लिहायला आणलेलं. ते त्यांनी उचललं, अगदी समोर उभं राहून एक डोळा मिटला, आणि काचेवर, बरोबर एकच्या आधी, रेघ ओढली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बाई तिसऱ्या तासाला आल्या त्या खडूच्या डबीसकट जवळजवळ उड्या मारत. "वाचा," म्हणाल्या. "डावीकडचं उत्तर, सगळ्यांनी एकदम."

मधली रांग म्हणाली, उणे एक. खिडकीकडची रांग म्हणाली, अधिक. दाराकडची रांग काहीच म्हणाली नाही, एकमेकांत कुजबुजली, आणि मग तिथल्या एका पोराने हात वर केला. "बाई, इथून बरोबरच्या चिन्हाला तीन रेघा दिसतात. म्हणजे फारच बरोबर का?"

बाई खिडकीशी गेल्या. तिथून बघितलं तर रेघ सरकून एकच्या उभ्या काठीवर आडवी बसलेली, ठसठशीत अधिक. दाराशी गेल्या. तिथून तीच रेघ मागे सरकून बरोबरच्या डोक्यावर. मध्ये आल्या. उणे.

घरी यजमानांनी न हसता समजावलं. "अगं, तुझं एक भिंतीवर आहे आणि उणे काचेवर. मध्ये चार बोटं जागा. समोरून बघणाऱ्यालाच ती दोघं शेजारी दिसणार. बाजूने बघणाऱ्याला रेघ सरकणारच. त्यांनी एक डोळा मिटून काढली, आपल्या जागेवरून बरोबर काढली. पण त्यांच्या जागेवर उभं राहायला त्यांच्याशिवाय कोण आहे?"

बाईंनी सगळे बाक मधल्या रांगेत लावून पाहिले. एकामागे एक अशी एकतीस पोरांची लांबच लांब शेपटी झाली, शेवटचे दोन बाक मागच्या दारातून व्हरांड्यात गेले, आणि हेडसर आले. "काय आहे ना बाई, ही शाळा आहे, तिकिटाची खिडकी नाही." बाक परत तीन रांगांत गेले. मग बाईंनी दुसरा उद्योग काढला. तास सुरू व्हायच्या आधी दोन पोरं उठवायच्या, एक खिडकीपासून मध्याकडे पावलापावलाने, एक दारापासून मध्याकडे. दिसेल ते ओरडून सांगायचं. एका बाजूने "अधिक, अधिक, अजून अधिकच". दुसऱ्या बाजूने "तीन रेघा, तीन रेघा". "आता सांगा," बाई म्हणायच्या, "डावीकडून येताना काय आणि उजवीकडून येताना काय. हीच लिमिट." पोरांना मजा यायची. बाईंना येत नव्हती. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि एका चुकीच्या उत्तराच्या जागी आता तीन उत्तरं झाली होती.

तेवढ्यात जतन कचेरी जागी झाली. काचेवरची रेघ ही आता राष्ट्राध्यक्षांच्या हातची नवी ठेव होती आणि शिपाईकाका रोज सकाळी फडक्याने काच पुसत. तातडीचा हुकूम आला: काका आजपासून रेघेभोवतीचा वीतभर भाग सोडून पुसतील. रेघेच्या रक्षणासाठी काचेवर दुसरी काच बसवण्यात येईल.

दुसरी काच घेऊन साहेब स्वतः आले, बरोबर एक मिस्त्री. मिस्त्रीने चौकट न्याहाळली आणि म्हणाला, दोन काचा या स्क्रूत मावणार नाहीत, लांब स्क्रू लागतील, पहिली काच काढावी लागेल. साहेबांनी कलम उघडून पाहिलं. आवरणाची डागडुजी, म्हणजे तत्त्वतः चालतं. सील तुटलं. सहा स्क्रू निघाले. काच भिंतीला टेकवून ठेवली, आणि मिस्त्री लांब स्क्रू आणायला सायकलवर गेला. साहेब खिडकीशी बसून सील तुटल्याचा पंचनामा लिहू लागले, पाठमोरे. पोरं खेळाच्या तासाला बाहेर होती. खोलीत बाई होत्या, शिपाईकाका होते, आणि काच बसल्यापासून पहिल्यांदा उघडा फळा.

बाईंच्या टेबलाच्या खणात हजेरीपटावरच्या चुका झाकायची पांढरी शाई होती, झाकणालाच बारीक कुंचला. त्यांनी ती काढली तेव्हा त्यांना आपल्याच बांगड्यांचा आवाज फार मोठा वाटला. त्या फळ्यापाशी गेल्या. अकरा वर्षं, छत्तीस अर्ज, आणि जागा केवढी, तर नखाएवढी.  रेघ निघाली, पण जराशी तिरपी. त्यांनी फुंकर घातली, पुन्हा फुंकर घातली. मागे वळल्या तर शिपाईकाका फडकं हातात धरून त्यांच्याचकडे बघत होते.

"काका."

"मी काच पुसतो बाई," काका हळूच म्हणाले. "काचेमागचं माझ्याकडे नाही."

काच बसली, काचेवर काच बसली, सील लागलं. आता खिडकीकडून काय नि दाराकडून काय, भिंतीवरचं उणे जिथल्या तिथे होतं. काचेवरची रेघ आपली इकडेतिकडे फिरत होती, पण तिच्याकडे पोरांनी लक्ष देणं सोडलं. परीक्षा झाली. एकतीसपैकी सत्तावीस पोरांनी उणे एक लिहिलं. शिक्षण कचेरीचं पत्र आलं की माननीय राष्ट्राध्यक्षांच्या भेटीच्या प्रेरणेमुळे निकाल सुधारला आहे, सबब वरचा वर्ग सध्याच्या शिक्षिकेकडेच ठेवावा. हेडसरांनी ते प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं आणि राष्ट्राध्यक्षांसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. बाईंनी त्याही वाजवल्या.

त्याच आठवड्यात जतन कचेरीचा जाडजूड लखोटा आला. आत बाईंचे छत्तीसच्या छत्तीस अर्ज होते, एका दोऱ्याने बांधलेले, आणि वर निकाल. माननीय पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या सूचनेवरून फलकाची प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली. कथित अनुपस्थित उणे चिन्ह मूळ जागी सुस्थितीत आढळले. ते किंचित तिरपे असून माननीयांच्या घाईच्या अक्षराशी पूर्णतः जुळते. काचेवरील रेघ ही मूळ चिन्हाची त्यांनी केलेली पुष्टी समजावी. अर्जदार शिक्षिकेने अकरा वर्षे अस्तित्वात असलेले चिन्ह नसल्याचे कळवून कचेरीचा वेळ खर्ची घातला, याबद्दल समज देण्यात येत आहे. त्यांनी आपली दृष्टी तपासून घेऊन दाखला पंधरा दिवसांत सादर करावा.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. कुणाला सांगणार? जे खरं होतं ते सांगितलं तर तुरुंग, आणि न सांगावं तर अकरा वर्षांचा वेडेपणा पदरात. त्या तशाच पर्स काखोटीला मारून यजमानांच्या दुकानात गेल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या.

"दाखला द्या," म्हणाल्या. "डोळे चांगले आहेत म्हणून."

यजमानांनी पत्र वाचलं. त्यांच्या मिशा हलल्या. त्यांनी डावा डोळा झाकून बाईंना खालची ओळ वाचायला लावली. बाईंनी घडाघडा वाचली. मग उजवा झाकला. बाई वाचू लागल्या, अडखळल्या, पुढे झुकल्या. यजमानांनी एक भिंग घातलं, दुसरं घातलं. ओळ स्वच्छ झाली.

"नंबर आलाय," ते म्हणाले. "डाव्याला."

"म्हणजे त्यांचंच खरं ठरणार," बाई म्हणाल्या. "किती आहे?"

यजमान जरा घुटमळले. "उणे एक."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. मग बाईंनी दाखल्याचा कोरा कागद स्वतःच्या हाताने त्यांच्यापुढे सरकवला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण उणे ठळक काढा. आणि वाळेपर्यंत कुणाला अंगठा लावू देऊ नका."